एनॉक ट्रँटरची सरकारी बायको

आमच्या गावच्या ग्रंथालयामागे जुन्या कागदांची एक खोली आहे. दर बुधवारी मी तिथे बसते. पगार नाही, चहा मिळतो. लोक येतात आणि विचारतात, "बाई, आमच्या घराण्यात कुणी कैदी होता का?" माझ्या लहानपणी हा प्रश्न विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचं असे. आता सगळ्यांना 'हो' ऐकायचं असतं, आणि नाही म्हटलं की माणूस तोंड पाडून घरी जातो. माझी थेल्मामावशी जुन्या वळणाची होती. तिच्या मते इंग्लंडातून आमच्या टास्मानियात कैदी आले हे खरं, पण ते सगळे शेजाऱ्यांचे पूर्वज.

आमच्या घराण्यात एक होता. एनॉक ट्रँटर, माझ्या आजीचा आजोबा. त्याचे सरकारी कागद मी सगळे पाहिलेत. ते अतिशय व्यवस्थित आहेत आणि त्यांतला मुख्य मजकूर खोटा आहे. खरी हकिगत त्यानं म्हातारपणी एकट्या सुनेला सांगितली. तिनं माझ्या आजीला, आजीनं आईला आणि आईनं मला. आमच्याकडे गुपित राखायची रीत एकच, पुरुषांना सांगायचं नाही.

एनॉक विल्टशर परगण्यातल्या नेदर कूम गावचा. धंदा शेतांना कुंपणं घालायचा. चोविसाव्या वर्षी, म्हणजे १८३१ साली, त्यानं गिरणीवाल्याचं मधाचं पोळं चोरलं. तिकडे मधमाश्या पेंढ्याच्या टोपलीत पाळत. यानं टोपली उचलली ती आतल्या मंडळींसकट. दुसऱ्या दिवशी शिपाई चोर शोधायला निघाला आणि पहिल्याच दाराशी थांबला, कारण दार उघडणाऱ्याचे दोन्ही डोळे बंद होते आणि ओठ गालापर्यंत पसरले होते. साक्षीदाराची गरज पडली नाही. आधी एकदा कोंबडी चोरताना सापडला होता, म्हणून चौदा वर्षं काळं पाणी.

जहाज चार महिने चाललं. शेजारच्या फळीवर सॅम्युएल पीक नावाचा माणूस होता. तो एकदा काळ्या पाण्यावर जाऊन, सुटून, घरी येऊन पुन्हा पकडला गेलेला, त्यामुळे त्याला जाणकाराचा मान होता. वेळ जाईना म्हणून पीक सगळ्यांच्या दंडावर सुई आणि काजळीनं गोंदत असे. एनॉकच्या दंडावर त्यानं बदाम काढला आणि त्यात एस. आणि पी. अशी दोन अक्षरं घातली. त्याला तेवढीच येत होती, स्वतःच्या नावाची.

"एक ध्यानात ठेव," पीक म्हणाला. "उतरताना विचारतील लग्न झालंय का. झालंय म्हणायचं."

"पण झालेलं नाही."

"तिथे कोण बघायला आलंय? बायकोवाला माणूस पळून जात नाही असं साहेबलोकांना वाटतं. त्याला चांगला मालक देतात. सड्याफटिंगाला रस्त्यावर खडी फोडायला धाडतात."

टास्मानियातल्या होबार्टच्या बंदरात कैद्यांना खाली उतरवायच्या आधी एक कारकून सगळ्यांची नोंद करी. उंची, केस, डोळे, दात किती, व्रण कुठे. बैलबाजारात करतात तसंच, फक्त इथे धर्मही विचारत.

"लग्न?"

"झालंय, साहेब."

"बायकोचं नाव?"

एनॉकनं एवढा पुढचा विचार केला नव्हता. कारकुनाची नजर त्याच्या दंडावर गेली. "एस. म्हणजे तीच का?"

"तीच, साहेब. सुसाना."

"मुलंबाळं?"

इथे 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. पण चार महिन्यांत त्याच्याकडे माणूस म्हणून बघणारा हा पहिलाच इसम होता. "एक मुलगी," एनॉक म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र खरं होतं. कारकुनानं सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, मी ते पान पाहिलंय. खोटं बोलायला अर्धं मिनिट लागलं आणि निस्तरायला एकोणतीस वर्षं.

पीकचा सल्ला बरोबर निघाला. एनॉकला बेटाच्या आतल्या भागात, जेरिको गावाच्या पलीकडे पार्जेटर नावाच्या मेंढ्यावाल्याकडे कामाला दिलं. पार्जेटर महिन्यातून दोनदा बोलत असे. उरलेलं त्याची बायको बोले. पार्जेटरबाई फार धार्मिक होती. चार मैलांच्या टापूत तिला एकही सुखी ख्रिस्ती संसार दिसत नव्हता, स्वतःचा धरून. त्यामुळे नव्या गड्याची बायको सोळा हजार मैलांवर आहे हे कळताच तिनं तो संसार मनावर घेतला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेनंतर एनॉकनं दिवाणखान्याच्या दारात उभं राहून पत्र सांगायचं आणि बाईनं लिहायचं, असं ठरलं. एनॉकला लिहिता येत नव्हतं.

"प्रिय सुसाना, मी बरा आहे. मेंढ्या बऱ्या आहेत," एनॉकनं सांगितलं.

बाईनं लिहिलं आणि वाट बघत बसली. "पुढे?"

"पुढे काय, बाईसाहेब?"

"अरे, ती तुझी बायको आहे ना!"

"हो बाईसाहेब. तेही लिहा."

पण सरावानं माणूस काहीही शिकतो. चारेक वर्षांत एनॉक अशी पत्रं सांगू लागला की लिहिताना बाई मधेच नाक पुसत असे. उत्तर अर्थातच एकाचंही आलं नाही. "दगड आहे तुझी बायको, दगड!" बाई चिडून म्हणे, आणि एनॉक तिची बाजू घेई, "तिला लिहिता येत नाही हो बाईसाहेब. बिचारी काय करील?" अशा वेळी त्याला चहा जास्त मिळे.

१८३६ साली स्वयंपाकघरात कामाला होनोरा टिअर्नी आली. आयर्लंडातल्या क्लेअर परगण्यातली, एका बाईचा झगा चोरला म्हणून सात वर्षं. काळे केस, हनुवटीवर आडवा व्रण, आणि लोणी घुसळताना गायची खोड. गळा अगदी बेसूर होता, असं आजी सांगे. त्याआधी एका मालकाकडे असताना तिला दिवस गेले होते. अविवाहित मोलकरणीला दिवस गेले की तिला शहरातल्या बायकांच्या तुरुंगात धाडत, मालकावर काही येत नसे. त्या तुरुंगाला सगळे 'कारखाना' म्हणत. तिथल्या पाळणाघरात तिचं मूल पाच आठवडे जगलं. त्याचं नाव वहीत लिहायचं राहून गेलं होतं.

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये एक पातळ फळी होती. होनोराला सगळी पत्रं ऐकू येत.

"बायको नशीबवान आहे तुझी," एकदा ती म्हणाली. "मला कुणी बरी आहेस का एवढंसुद्धा विचारलं नाही कधी."

"नोरा, खरं सांगू? मला बायकोच नाही."

होनोरानं घुसळायचा दांडा खाली ठेवला आणि पोट धरून हसली. "एनॉक, या बेटावर बायको जिवंत असलेला एकही पुरुष मला अजून भेटलेला नाही. कुणाची तापानं गेली, कुणाची शिंप्याबरोबर पळाली. पण जन्मालाच आली नाही म्हणणारा तू पहिला! तुझ्या डोक्याचं कौतुक आहे, आता लाकडं आण."

त्यानं शपथा घेतल्या. तिनं लाकडंच मागितली. शेवटी पुढच्या पत्राच्या रविवारी तो दारात उभा राहिला तो जरा फळीच्या बाजूला सरकून. "लिहा, बाईसाहेब. प्रिय सुसाना, तुझे काळे केस सारखे डोळ्यांपुढे येतात."

"मागे तू भुरे सांगितले होतेस."

"उन्हात भुरे दिसतात, बाईसाहेब. तुझ्या हनुवटीवर जो व्रण आहे, तो मला फार आवडतो. तू त्यावर हात ठेवून बोलतेस ते मात्र आवडत नाही. आणि लोणी घुसळताना तू जे गाणं म्हणतेस, ते चुकीचं म्हणतेस, पण थांबू नकोस."

फळीपलीकडे लोणी घुसळायचा आवाज थांबला. पार्जेटरबाईनं नाक पुसलं आणि पत्र इंग्लंडला रवाना झालं. नंतरची सगळी पत्रं तशीच गेली. ती पाठवायची सुसानाला आणि ऐकायची होनोरानं.

एनॉकला एव्हाना परवाना मिळाला होता. म्हणजे माणूस कैदीच, पण आपलं काम आपण शोधायचं आणि मजुरीही आपणच घ्यायची. पार्जेटरच्या रानाच्या टोकाला त्यानं एक झोपडी आणि थोडी जमीन खंडानं घेतली. होनोराला तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

"अशी येणार नाही. माझी आई अशीच गेली होती एकाबरोबर. जन्मभर लोकांनी तिला काय काय म्हटलं ते मी ऐकलंय. मला पाद्र्यासमोर लग्न हवं. वहीत माझं नाव हवं. होनोरा ट्रँटर, अमक्याची बायको. ते वाचता नाही आलं तरी चालेल."

कैद्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागे. अर्ज गेला आणि महिन्याभरात परत आला: पुरुषानं येतेवेळी विवाहित असल्याचं सांगितलं आहे, सबब नामंजूर. एनॉक टोपी हातात घेऊन दंडाधिकारी कॅप्टन ऑल्डसकडे गेला आणि त्यानं हात दाखवून अवलक्षण केलं. म्हणजे खरं सांगितलं.

कॅप्टननं शांतपणे ऐकून घेतलं. "यंदा माझ्यापुढे तेवीस मेलेल्या बायका आल्या," तो म्हणाला. "एकीला तर दोन नवऱ्यांनी दोन वेगवेगळ्या नद्यांत बुडवलं. तुझी कल्पना नवीन आहे."

"कल्पना नाही साहेब. मला बायको नाहीच."

"मग येताना सरकारशी खोटं बोललास?"

एनॉकनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"खोटं बोलला असशील तर परवाना रद्द, आणि दोन वर्षं साखळदंडात खडी फोडायची. आता नीट विचार करून सांग. बायको आहे की नाही?"

"आहे, साहेब."

"छान. तिला जप," कॅप्टन म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ही भानगड पार्जेटरबाईच्या कानावर गेली. एनॉकनं दुसरं लग्न करायला अर्ज केला याचा तिला राग आला नाही, वाईट वाटलं. विरहानं माणूस वाकड्या वाटेला लागतो, असं तिचं निदान होतं. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याची बायको सरकार फुकट आणून देत असे. बाईनं नवऱ्याची सही घेऊन तसा अर्ज धाडला आणि मगच एनॉकला सांगितलं. एनॉकनं आभार मानले. तो निर्धास्त होता. मुळात नसलेली बाई सरकार आणणार कुठून?

सरकारला त्यानं कमी लेखलं. नेदर कूम गावात सुसाना व्हॉटली नावाची एक विधवा होती. नवरा खाणीत गेलेला, आठ वर्षांची बेकी नावाची मुलगी, आणि दोघी गावच्या धर्मादायावर जगत होत्या. सुसाना ट्रँटरच्या नावानं येणारी पत्रं घ्यायला कुणीच नसल्यामुळे ती चर्चच्या कपाटात साठली होती. आणि आता सरकारचं पत्र आलं: एका मुलीसह राहणारी सुसाना नावाची कैद्याची बायको आपल्या गावी आहे काय? असल्यास दाखला पाठवावा, प्रवासखर्च सरकार करील. गावच्या पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन खाणारी तोंडं सोळा हजार मैलांवर जाणार, तेही फुकट! दाखल्यावर पाच सह्या आहेत. पाचही अगदी ठाशीव आहेत.

फेब्रुवारी १८४० मध्ये एका दुपारी पार्जेटरच्या फाटकाशी बैलगाडी थांबली. आतून एक उंच, भुऱ्या केसांची बाई आणि एक मुलगी उतरली. पार्जेटरबाईनं सगळ्या गड्यांना ओळीत उभं केलं होतं. ती म्हणाली, "ट्रँटर, बघतोस काय? जा!" आणि एनॉक गेला, कारण चाळीस डोळे त्याच्याकडे बघत होते.

बाईनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "अहो! किती वाळलात!" ती मोठ्यानं म्हणाली.

"कोण तू?" एनॉक तिच्या कानात पुटपुटला.

"तुझी बायको."

"मला बायको नाही."

"आता आहे. पाच सह्यांचा दाखला आहे माझ्याकडे."

"आणि ही?"

"तूच लिहून दिलंयस ना, एक मुलगी म्हणून? हस जरा, त्या बाई रडायला लागल्या."

पार्जेटरबाई खरंच रडत होती. तिच्या हयातीत तिनं जुळवलेला हा एकमेव संसार. स्वयंपाकघराच्या दारात होनोरा उभी होती. तिला पंधराच दिवसांपूर्वी कळलं होतं की आपल्याला पुन्हा दिवस गेलेत. हे एनॉकशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. लग्न होईपर्यंत दूर राहायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. पण परवानगी कधी मिळेल याचा नेम नाही म्हटल्यावर माणसं ठरवलेलं विसरतात.

त्या संध्याकाळी तिघं एनॉकच्या झोपडीत बसली. होनोराला नव्या बाईची मदत करायला म्हणून पाठवलं होतं. सुसानानं सामानातून पत्रांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ होनोराच्या हनुवटीकडे पाहत राहिली.

"निघायच्या आधी चर्चच्या कारकुनाकडून ही सगळी वाचून घेतली मी," ती शेवटी म्हणाली. "सुरुवातीची नुसती मेंढ्यांची आहेत. पण पुढची ऐकल्यावर म्हटलं, माणूस कोणी का असेना, जाऊ या. व्रण नसला तरी चालवून घेईल. लोणी मलाही घुसळता येतं." तिनं गठ्ठा होनोराकडे सरकवला. "ही तुझी आहेत."

होनोरानं गठ्ठा घेतला नाही. "एनॉक, आत्ताच्या आत्ता कॅप्टनकडे जा. ही तुझी कुणी नाही म्हणून सांग."

"जाऊ दे त्याला," सुसाना म्हणाली. "सरकारला फसवून फुकट आले म्हणून मी तुरुंगात. खोटं बोलला म्हणून हा साखळदंडात. माझी बेकी अनाथाश्रमात. आणि तुझं तोंड दुपारपासून पिवळं पडलंय, त्या अर्थी तूही कुठेतरी जाशीलच. कुठे पाठवतात इथे?"

मग होनोरानं कारखान्यातलं सगळं सांगितलं. ओली भिंत, एका खाटेवर चार मुलं, आणि पाच आठवडे. तिनं ते आधी एनॉकलाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर ती मोठ्यानं रडली, आणि सुसानानं तिला रडू दिलं.

"ऐक," सुसाना म्हणाली. "मी आता फुकट आलेली स्वतंत्र बाई आहे. मला मोलकरीण मागता येते. मी तुला मागून घेते. मूल इथेच होईल. पण ते माझं म्हणून सांगावं लागेल. तू मोलकरीण आणि मी बायको. दुसरं काही सुचत असेल तर सांग, मला हौस नाही."

एनॉक जमिनीकडे बघत होता. या सगळ्या प्रकरणात त्याच्या खोटं बोलण्याचा फायदा आजवर फक्त त्यालाच झाला होता, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

"नाव कुणाचंही लावा," होनोरा म्हणाली. "पण जगू दे."

पार्जेटरबाईनं होनोराला आनंदानं दिलं. पुढचे महिने सुसाना पोटाला लोकरीची उशी बांधून रविवारी चर्चला जात असे. उशी दर महिन्याला जरा वाढवायची, हे काम बेकीकडे होतं. होनोराला ताप येत असल्यामुळे ती झोपडीबाहेर पडत नसे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलगा झाला. फेब्रुवारीच्या शेवटी नवऱ्याकडे आलेल्या बाईचं मूल, म्हणजे हिशेबानं सातमाशी. वजन चांगलं साडेआठ पौंड. पार्जेटरबाईनं बोटं मोजली, बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "इकडची हवाच चांगली आहे." तिला खरं कळलं होतं की नाही, हे कुणालाच माहीत नाही. कळलं असलं तरी ती आपला एकुलता एक संसार मोडणारी नव्हती.

बारशाला पाद्र्यानं आईचं नाव विचारलं आणि सुसानानं आपलं सांगितलं. डॅनियल ट्रँटर, एनॉक आणि सुसाना यांचा मुलगा. होनोरा शेवटच्या बाकावर होती, नोकरांना तिथेच जागा असे. बाळ रडायला लागलं तेव्हा पाद्रीच म्हणाला, "मोलकरणीकडे द्या त्याला," म्हणून तेवढा वेळ ते तिच्याकडे आलं.

त्या घरात पुढे एकवीस वर्षं सगळे नीट राहिले. घराला दोन खोल्या होत्या. कोण कुठे झोपे हे सरकारी कागदांत नाही, आणि आमच्या बायकांनीही ते पुढे सांगितलं नाही. होनोराची शिक्षा संपली, एनॉकची संपली. खरं सांगायला आता साखळदंडाची भीती नव्हती. पण डॅनियल एव्हाना चालायला, बोलायला, मेंढ्या मोजायला शिकला होता आणि सुसानाला आई म्हणत होता. खरं सांगायचं तर त्याला अनौरस ठरवावं लागलं असतं. सुसाना त्याच्यासाठी वाईट आई नव्हती, हे होनोराच सगळ्यांत आधी कबूल करी. आणि डॅनियलचं होनोराशिवाय पान हलत नसे. गुडघा फुटला की 'नोरी', भूक लागली की 'नोरी', आई रागावली की नोरीच्या झग्यामागे. अठरा वर्षांचा झाल्यावरसुद्धा रानातून आला की फाटकापासून ओरडे, "नोरी, चहा!" होनोरा ओरडायची, "हात धू आधी, गाढवा!" गावात सगळे म्हणत, मोलकरीण असावी तर अशी.

बेकी लग्न होऊन लॉन्सेस्टनला गेली. १८६१च्या जूनमध्ये सुसाना गेली, छातीत कफ साठून. शेवटचे तीन आठवडे तिचं सगळं होनोरानं केलं. मरायच्या आदल्या दिवशी सुसाना म्हणाली, "आता तुझं लग्न. उशीर झाला गं, पण माझा इलाज नव्हता."

"रस्सा पी आणि गप्प पड," होनोरा म्हणाली.

विधुराला लग्न करायला सरकारला विचारावं लागत नाही. एनॉक चौपन्न वर्षांचा होता, होनोरा अठ्ठेचाळीस. सप्टेंबरातली तारीख ठरली. होनोरानं करड्या रंगाचा नवा झगा शिवला आणि डॅनियलला बसायला सांगून स्वतःच त्याला बातमी दिली.

तो बसला नाही. "आईला जाऊन तीन महिने झाले नाहीत," तो बापाला म्हणाला. "आणि तुम्ही मोलकरणीशी लग्न करताय?"

"डॅनियल, मला तुला एक सांगायचंय," एनॉक म्हणाला.

"एनॉक, नको," होनोरा म्हणाली.

"मला काही ऐकायचं नाही. लोक काय म्हणतील? मी तोंड कुठे लपवू? आईनं हिला सख्ख्या बहिणीसारखं वागवलं, आणि ही वाटच बघत होती!" एवढं बोलून डॅनियल घोड्यावर खोगीर घालायला बाहेर गेला.

"आता तरी सांगू दे मला," एनॉक म्हणाला. "तुला असं बोललेलं मला ऐकवत नाही. तो जाईल, नोरा."

"काय सांगशील? जिच्यासाठी तो रडतोय ती त्याची कुणी नव्हती? त्याचं लग्न ठरलंय शार्लटशी. तिचा बाप चर्चचा कारभारी आहे. कारखान्यातल्या बाईच्या अनौरस पोराला तो मुलगी देईल? आणि ते सोड. त्याची एक आई गेली आत्ताच. मी उठून तिलाही त्याच्याकडून काढून घेऊ? मला नाही जमायचं ते."

"मग लग्न राहू दे."

बाहेर घोड्याच्या टापा फाटकापर्यंत गेल्या आणि विरल्या. "नाही," होनोरा म्हणाली. "मला ते हवंय. मला फार दिवसांपासून हवंय, एनॉक."

लग्नाला पाद्री, त्याची बायको आणि कबरी खोदणारा माणूस एवढेच होते. नोंद मी पाहिली आहे. वर विधुर. वधू अविवाहित, धंदा घरकाम. पाद्र्यानं रिवाजाप्रमाणे अपत्यं विचारली तेव्हा होनोरा म्हणाली, "नाहीत." सहीच्या जागी तिची फुली आहे आणि त्यापुढे पाद्र्याच्या अक्षरात होनोरा ट्रँटर.

त्यानंतर ती चौदा वर्षं जगली. डॅनियल वाईट मुलगा नव्हता. राग ओसरल्यावर तो येऊ लागला. नाताळला शार्लट आणि मुलांना घेऊन यायचा, थंडीच्या आधी बापासाठी लाकडं फोडून ठेवायचा, आणि जाताना दारात टोपी काढून होनोराचा रीतसर निरोप घ्यायचा. मोलकरणीला नावानं हाक मारता येते, बापाच्या बायकोला मारता येत नाही, आणि डॅनियल वळण लागलेला माणूस होता. ती जाईपर्यंत त्यानं तिला एकदाही नोरी म्हटलं नाही. मिसेस ट्रँटर म्हणाला.